चौघांना माहीत होतं

नवरा किरण गेल्यावर चर्चच्या मंडळीने आपल्याला एकटं पडू दिलं नाही, असं रत्ना सगळ्यांना सांगायची. लॅबमधल्या मैत्रिणींना सांगायची, शेजारच्या बायकांना सांगायची. "आमच्या चर्चची माणसं नसती तर मी कामावरसुद्धा परत गेले नसते," असं म्हणायची आणि ते तिला मनापासून वाटायचं.

खोटं तरी कुठे होतं? किरणची आई, केसरबाई, पारोळ्याहून कायमची जळगावला राहायला आली, तेव्हा तिचं सामान योगराजने आपल्या माणसांकरवी आणवलं. केसरबाईच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तेव्हा दवाखान्याच्या बाकावर दिवसभर बसून राहिला तो योगराजच. मुलगी शिल्पा बारावीला. तिचं परीक्षा केंद्र गावाच्या दुसऱ्या टोकाला आलं तर तिला रोज सोडायला आणि आणायलाही तोच. योगराज ट्रॅक्टरच्या शोरूमला मॅनेजर होता, मंडळीत वडील होता, म्हणजे पाळकांच्या खालोखाल त्याचा शब्द. उंचापुरा, आवाज भरदार. त्याने गीत धरलं की मागच्या बाकावरची माणसंही गाऊ लागत. दारूबंदीवर तो असा बोलायचा की चारदोन जणांनी खरंच सोडली होती.

"योगराजभाऊ, किती करता आमच्यासाठी," असं रत्ना म्हणाली की तो खाली बघायचा. "नका हो ताई असं म्हणू," एवढंच म्हणायचा. तिला तो नम्रपणा वाटायचा.

किरणचं मोटार वायंडिंगचं दुकान होतं. दर हिवाळ्यात चर्चमधली पुरुष मंडळी सगळ्यांना भरीत-पुरी करून घालत, आणि वांगी आणायचं काम किरणचं. असोद्याला त्याच्या ओळखीचा एक शेतकरी होता, त्याच्याकडची हिरवी, मोठी, पांढऱ्या रेघांची वांगी. त्या शुक्रवारीही तो संध्याकाळी मोटारसायकलला पोतं बांधून निघाला, आणि परत येताना असोदा रस्त्यावर कुठल्याशा गाडीने त्याला उडवलं. त्याची गाडी पंक्चर झाली होती, तो ती ढकलत येत होता. एका केळीवाल्या ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरला तो बऱ्याच वेळाने दिसला. दवाखान्यात डॉक्टर म्हणाले होते, रक्त फार गेलंय, जरा आधी आणलं असतं तर.

ते "जरा आधी" रत्नाच्या कानातून गेलं नाही.

पोलिसांनी अज्ञात वाहन म्हणून नोंद केली. किरणच्या फोनवर शेवटचा फोन योगराजचा होता, म्हणून त्यालाही विचारलं. तो म्हणाला, हो, कुठवर आलास म्हणून मीच विचारलं होतं, गाडी पंक्चर झालीय, ढकलत येतोय असं म्हणाला. दफनाच्या दिवशी तो रत्नासमोर ढसाढसा रडला होता. "मी गाडी घेऊन जायला पाहिजे होतं, ताई." तेव्हा रत्नानेच त्याची समजूत घातली होती.

पहिले काही महिने ती सारखी पोलीस ठाण्यात जायची. सोबत तिचा धाकटा भाऊ प्रेमराज असायचा. आई लवकर गेली म्हणून त्याला रत्नानेच वाढवलं होतं. तो तिला अक्का म्हणायचा. त्याचं मेडिकल स्टोअर होतं, ते बंद ठेवून तो तिच्याबरोबर साहेबांची वाट बघत बसायचा. मग एक दिवस, ईस्टर नुकताच झाला होता, तो म्हणाला, "अक्का, आता किती वेळा जायचं? गाडी सापडायची नाही. दरवेळी जाऊन येतेस आणि दोन दिवस जेवत नाहीस. प्रभूवर सोपवून दे." भावाने सांगितलं म्हणून तिने जाणं बंद केलं.

किरणला जाऊन दोन वर्षं होत आली होती. हिवाळ्याच्या तोंडाशी धुळ्याला आत्मिक मेळावा होता. मोठा मांडव, गावोगावच्या मंडळ्या. जळगावहून थोडेच जण जाणार होते, आणि रत्ना आधी नाही म्हणाली होती. लॅबमध्ये तिची ड्युटी होती. ऐनवेळी दुसऱ्या बाईने बदली घेतली, आणि केसरबाईची भाचीही धुळ्यालाच, तिची भेट होईल म्हणून दोघी सकाळच्या एसटीने गेल्या. कोणाला कळवलं नाही. मांडवात बायकांच्या बाजूला, मागे, खांबाजवळ जागा मिळाली.

गीतं झाली, संदेश झाला. मग सूत्रसंचालक म्हणाले, जळगावचे एक भाऊ आज धैर्याने साक्ष देणार आहेत. आणि योगराज माइकपुढे आला. रत्नाला आनंदच झाला. तिने केसरबाईला कोपराने खुणावलं, "आई, आपले योगराजभाऊ."

योगराजने डोळे मिटले. "मी तुमच्यासमोर वडील म्हणून उभा नाही," तो म्हणाला. "मी पापी म्हणून उभा आहे. मी लोकांना दारू सोडा म्हणून सांगायचो आणि स्वतः मित्रांच्या शेतात जाऊन प्यायचो. एक दिवस संध्याकाळी असाच पिऊन गाडी चालवत होतो. माझ्या हातून एका माणसाला धक्का लागला."

योगराजने माइक दोन्ही हातांनी धरला.

"मी थांबलो. उतरलो. माझ्या गाडीच्या उजेडात रस्ताभर वांगी पडली होती. एवढीच गोष्ट मला आजही दिसते, भावांनो. रस्त्यावरची वांगी. त्या माणसाचा हात हलत होता. माझ्या तोंडाला वास येत होता. मी घाबरलो. मी परत गाडीत बसलो."

केसरबाईने रत्नाचं मनगट धरलं. म्हातारीच्या हातात एवढा जोर असेल असं रत्नाला कधी वाटलं नव्हतं.

"रत्ना," ती अहिराणीत पुटपुटली, "हाऊ मना किरणनी वात करी ऱ्हायना."

किरणबद्दल नसेल बोलत हा, रत्ना मनात म्हणाली. कितीतरी माणसं वांगी नेत असतील, असं ती स्वतःला सांगत होती. माइकवरचा आवाज आता भरून आला होता.

"त्या पापाने मला आतून खाल्लं असतं. पण आमच्या मंडळीत चार भावांची शनिवारची सहभागिता आहे. एकमेकांजवळ सगळं उघड करायचं, एकमेकांना धरून ठेवायचं. मी त्या तिघांपुढे जमिनीवर पडलो. त्यांनी मला हाकललं नाही. आणि त्यातला एक भाऊ तर असा, की गेलेला माणूस त्याच्या स्वतःच्या घरातला. त्यानेसुद्धा मला उठवून मिठी मारली! याहून मोठी क्षमा मी पाहिली नाही."

मांडवभर टाळ्या झाल्या. "हालेलुया!" पुढच्या रांगेतली बाई पदराने डोळे पुसत होती. रत्नाच्या शेजारच्या बाईने तिच्याकडे वळून म्हटलं, "किती मोठं मन असेल ना त्या भावाचं!"

शनिवारच्या सहभागितेत चार जण होते. पाळक वाल्मीकसाहेब, योगराज, बँकेतला प्रशील, आणि प्रेमराज.

"माले घर ली चाल," केसरबाई म्हणाली.

टाळ्या चालूच होत्या. त्या दोघी खांबामागून बाहेर पडल्या. भाचीकडे गेल्या नाहीत. एसटीत केसरबाईने खिडकीकडे तोंड केलं ते जळगावपर्यंत. पारोळ्याच्या स्टँडवर कोणी ओळखीच्या बाईने तिला हाक मारली, तरी तिने मान वळवली नाही.

रत्ना स्टँडवरून थेट प्रेमराजच्या दुकानात गेली. दुपारची वेळ, गिऱ्हाईक नव्हतं. तो गोळ्यांची खोकी रचत होता. तिला बघून हसला.

"अक्का? आज ड्युटी नाही?"

"धुळ्याला गेले होते. मेळाव्याला."

त्याच्या हातातलं खोकं हातातच राहिलं. त्याने विचारलं नाही की काय झालं. त्याने एवढं विचारलं असतं, तरी तिला जरा आशा राहिली असती.

"आत ये," तो म्हणाला.

"इथेच बोल. तुला कधीपासून माहीत आहे?"

"अक्का, तिथे बोललेलं बाहेर न्यायचं नाही अशी आमची शपथ आहे. प्रत्येकाने घेतलीय. नाहीतर कोण कोणाजवळ मन मोकळं करेल?"

"शपथ तुझी त्यांच्याशी. माझ्याशी काय होतं?"

"मी तुला सांगणार होतो. खूपदा तोंडाशी आलं. पाळकसाहेब म्हणाले, थांब, योगराज स्वतः सांगेल, त्याला तयार होऊ दे. मग तुझं जरा बरं चाललं होतं, हसायला लागली होतीस. वाटलं, कशाला पुन्हा जखम उकरायची." प्रेमराजचे डोळे भरले. "तो किती रडला, तू बघितलं नाहीस. जमिनीवर पडून रडला गं."

"किरणसुद्धा जमिनीवरच पडला होता."

प्रेमराजने खोकं काउंटरवर ठेवलं.

"तुम्ही त्याला मोकळा सोडलात?"

"मोकळा नाही, अक्का. आम्ही अट घातली. दारू कायमची बंद, ती गाडी विकून टाकायची, आणि तुझ्या घराची सेवा करायची. तुला काही कमी पडू द्यायचं नाही. दर शनिवारी आम्ही विचारायचो त्याला, या आठवड्यात काय केलंस म्हणून."

तेव्हा रत्नाला खरं समजलं. मोतीबिंदूच्या दिवशी बाकावर बसलेला योगराज, शिल्पाला परीक्षेला नेणारा योगराज, त्यांचा नळ दुरुस्त करणारा, केसरबाईला चष्मा करून आणणारा योगराज. ते सगळं चार पुरुषांनी एका खोलीत बसून ठरवलेलं होतं, आणि दर शनिवारी तिच्या घराचा हिशेब तिच्या पाठीमागे दिला जात होता. ती मात्र जगाला सांगत फिरत होती, किती चांगली माणसं.

"शिल्पा त्याच्या गाडीत बसायची," ती म्हणाली. "माझी पोर. तुला काहीच वाटलं नाही?"

एक गिऱ्हाईक आलं, खोकल्याचं औषध मागू लागलं. रत्ना पायऱ्या उतरली.

शनिवारी संध्याकाळी, चौघे जमायच्या वेळेला, ती आणि केसरबाई चर्चमागच्या खोलीत जाऊन बसल्या. सतरंजी, चार उशा, मध्ये पाण्याचा तांब्या. पहिले आले वाल्मीकसाहेब. प्रेमराजने त्यांना सांगितलेलं असणार, कारण त्यांना नवल वाटलं नाही. ते समोर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, "रत्नाताई, तुमचं दुःख मी समजू शकतो. आम्ही चुकलो असू. पण एक आत्मा वाचवायचा होता. पोलिसात गेलं असतं तर त्याचं घर गेलं असतं, मंडळीचं नाव गेलं असतं. ही गोष्ट आपण आपल्यातच, प्रार्थनेने—"

"माझ्यासाठीही प्रार्थना करायचात ना तुम्ही, साहेब? माझ्याच घरी येऊन?"

"करत होतो. आजही करतो."

"मी डोळे मिटून आमेन म्हणायचे," रत्ना म्हणाली.

प्रशील दारातच थबकला आणि भिंतीला टेकून उभा राहिला. मग प्रेमराज आला, आणि शेवटी योगराज. दोघींना बघताच योगराज गुडघ्यांवर आला. त्याने रत्नाच्या पायाला हात लावला. तिने पाय मागे घेतले.

"मला माफ करा, ताई. मी रोज मरतोय."

"एकच विचारते," रत्ना म्हणाली. "तुम्ही त्याला ओळखलं होतं का?"

योगराजने वर बघितलं नाही.

प्रेमराजच मध्ये बोलला. "नाही, अक्का. अंधार होता. दुसऱ्या दिवशी सकाळी बातमी आली तेव्हा त्याला कळलं. आम्हाला कबुली दिली त्याच दिवशी त्याने हे सांगितलंय."

"मी त्यांना विचारतेय."

"अक्का, तो—"

"त्यांनीच फोन केला होता त्याला, प्रेमराज. कुठवर आलास म्हणून. असोदा रस्त्यावर आहे, गाडी ढकलत येतोय, वांगी बरोबर आहेत, हे त्यांना माहीत होतं. मग त्याच रस्त्यावर, तेवढ्याच वेळात, वांगी पडलेली दिसली तर दुसरं कोण असणार होतं?"

प्रेमराज योगराजकडे बघत होता. त्याच्या चेहऱ्यावरून रत्नाला कळलं की हा प्रश्न त्याने कधी विचारलाच नव्हता. त्या फोनबद्दल त्यालाही माहीत होतं. ठाण्यात तो तिच्याच शेजारी बसला होता.

"बोल ना," प्रेमराज म्हणाला. "बोल, योगराजदादा. सांग तिला नाही म्हणून."

योगराजने कपाळ सतरंजीला लावलं. "वांगी पाहिली तेव्हाच कळलं," तो म्हणाला. "त्याने मला बघितलं. त्याला वाटलं मी न्यायला आलोय."

वाल्मीकसाहेबांनी डोळे मिटून घेतले.

केसरबाई पुढे सरकली. "काही बोलना का रे तो?" तिने विचारलं. तिच्या आवाजात राग नव्हता, मुलाच्या गावाहून आलेल्या माणसाला त्याची खुशाली विचारावी तसं तिने विचारलं. "पानी मांगं का त्यानी?"

योगराज नुसता रडत राहिला. तिने थोडी वाट पाहिली, पुन्हा विचारलं, आणि तो सांगत नाही असं बघून रत्नाच्या खांद्याचा आधार घेऊन उठली.

"चाल," ती म्हणाली. "बठ्ठासले माहीत व्हतं, चौघासले. फक्त आपलेच नही."

प्रेमराज त्यांच्या मागोमाग फाटकापर्यंत धावत आला. "मला खोटं सांगितलं त्याने, अक्का. मलासुद्धा! मी ज्याला मिठी मारली तो..." त्याला पुढे बोलता येईना. रत्नाला एका क्षणी वाटलं, याला जवळ घ्यावं, लहानपणी घ्यायची तसं. मग तिला आठवलं की हा आता स्वतःच्या फसवणुकीबद्दल रडतोय.

"सोमवारी मी ठाण्यात जातेय," ती म्हणाली. "तुला यायचं तर ये. नाही आलास तरी मी जाणार."

तो आला. त्याच्या आधी रविवारी पाळक आणि मंडळीतली मोठी माणसं त्याच्या घरी जाऊन बसली होती, हे तिला नंतर कळलं. शपथेची आठवण दिली, मेडिकलला गिऱ्हाईक कुठून येतं याचीही आठवण दिली. तरी तो आला आणि ठाण्यातल्या साहेबांसमोरच्या खुर्चीत बसून त्याने सगळं सांगितलं. रत्ना आणि केसरबाई मागच्या बाकावर होत्या.

"तुम्हाला त्याने हे नक्की कधी सांगितलं?" साहेबांनी विचारलं.

"अपघातानंतरच्या पहिल्या उपवासकाळात. गुड फ्रायडेच्या आदल्या शनिवारी."

लिहिणाऱ्याने लिहून घेतलं. रत्ना मात्र तिथेच अडकली. त्या ईस्टरच्या पहाटे ती किरणच्या कबरीवर फुलं ठेवायला गेली होती. वारा होता, मेणबत्ती विझत होती. प्रेमराजने दोन्ही हातांचा आडोसा करून ती धरली होती आणि तो तिच्याबरोबर गायला होता. तेव्हा त्याला माहीत होतं. तो घरी येऊन तिच्या हातचा चहा प्यायला होता आणि त्यानंतरच म्हणाला होता, आता ठाण्यात जाऊ नकोस.

बाहेर आल्यावर प्रेमराज म्हणाला, "सगळं सांगितलं मी, अक्का. काही ठेवलं नाही."

"हो," ती म्हणाली. "साहेबांना सांगितलंस."

तिने रिक्षाला हात केला आणि केसरबाईला आधी बसवलं.

योगराजला अटक झाली आणि जामीनही झाला. केस उभी राहील तेव्हा राहील, असं वकील म्हणाले. वाल्मीकसाहेब रजा घेऊन गेले ते परत आले नाहीत. त्यांच्या जागी दुसरे पाळक यायचे आहेत. मंडळीत दोन तट पडले. काही बायका रत्नाकडे येऊन रडून गेल्या. काही मात्र तोंडावर बोलल्या, घरातली गोष्ट पोलिसात नेलीत, देवाच्या माणसांना चव्हाट्यावर आणलंत. त्यातली एक तर किरणच्या दफनाच्या दिवशी रत्नाचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली होती. त्या दिवसापासून रत्नाने रविवारी लॅबमध्ये ड्युटी मागून घेतली. प्रार्थना ती घरीच करते, पण कोणासमोर मोठ्याने करत नाही.

नाताळच्या सकाळी प्रेमराजचा शिल्पाला फोन आला. जेवायला ये म्हणाला. अक्काला आणि आजीला विचार, असंही म्हणाला. शिल्पा स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"आई, मामा बोलावतोय. जाऊ का?"

रत्ना पुऱ्या लाटत होती. "तुझा मामा आहे तो," ती म्हणाली. "तुला जावंसं वाटलं तर जा."

"तू?"

"मी नाही."

"कधीच नाही?"

रत्नाने या प्रश्नावर थोडा विचार केला, खरंच केला. "मला माहीत नाही, शिल्पा," ती म्हणाली. "तो माझ्याशी खोटं बोलला नाही गं. गप्प बसला. खोटं बोलला असता तर मी कधीतरी पकडलं असतं."

शिल्पा गेली. जाताना तिने आजीसाठी ठेवलेल्या करंज्यांतल्या काही डब्यात भरून नेल्या. रत्नाला ते दिसलं, तिने अडवलं नाही. केसरबाई पलंगावर पाय पसरून बसली होती. तिने विचारलं, पोर कोठे गई? रत्नाने सांगितलं. म्हातारीने बराच वेळ मान हलवली, हो की नाही ते कळलं नाही, आणि मग म्हणाली, पुऱ्या थंड व्हई ऱ्हायन्यात, वाढ माले.